चार मिनिटांतच धाप लागते, श्वास नेमका कसा घ्यायचा? (उत्तर जरा लांबलंय)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. वय ३७, राहायला पिंपरी-चिंचवडला, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीवर. तीन आठवडे झाले, सकाळी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर पळताय. चौथ्या मिनिटाला छाती भरून येते, धाप लागते, थांबावंच लागतं. पाय दुखत नाहीत, गुडघे ठीक आहेत. मिस्टर म्हणतात फक्त नाकाने श्वास घे, यूट्यूबवाला म्हणतो दोन पावलं आत दोन पावलं बाहेर, जाऊबाई म्हणतात कपालभाती कर. तीन महिन्यांनी ऑफिसची ५ किलोमीटरची रन आहे, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की माझी फुफ्फुसंच कमजोर आहेत का.

माझ्याबद्दल दोन ओळी, कारण नेटवर कोण कुठून सल्ला देतंय ते कळलेलं बरं. मी कोल्हापूरचा, डॉक्टर नाही. तरुणपणी तालमीकडून (आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) फुटबॉल खेळलो आणि आता गेली चौदा वर्षं रोज सकाळी रंकाळा तलावावर नवीन लोकांना पळायला शिकवतो. त्यात पोलीस भरतीची पोरं आहेत, शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी घराबाहेर काढलेले काका आहेत, आणि तुमच्या वयाच्या बायका तर निम्म्याहून जास्त. खाली लिहितोय ते त्यांच्याकडे बघून बघून शिकलेलं आहे, शरीरशास्त्र तेवढं नंतर वाचून पडताळलंय.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट विचारतो, कारण तिच्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. "छाती भरून येते" म्हणजे नक्की काय होतं? नुसती धाप लागते, थांबल्यावर दोनतीन मिनिटांत उतरते, आणि मग काही वाटत नाही, असं असेल तर पुढचं वाचा. पण छातीवर दाब येतो, दुखतं, कळ जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाते, चक्कर येते, धडधड अचानक वाढून थांबल्यावरही जात नाही, किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, यातलं काहीही असेल तर पळणं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालेला असेल, बीपी-शुगर असेल तरीही तेच. इसीजी काढायला अर्धा तास लागतो, त्याचा कंटाळा करू नका.

आता नुसती धापच आहे असं धरून बोलतो.

तुमच्या श्वासात काही खोट नाहीये, तुम्ही फार जोरात पळताय. आता तुम्ही म्हणाल "अहो मी तर हळूच पळते". माझ्याकडे आलेल्या शंभरातले नव्वद लोक पहिल्या दिवशी हेच म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात बिचारे. आपल्याला पळणं म्हणजे शर्यत एवढंच माहीत असतं ना. शाळेच्या क्रीडा महोत्सवात १०० मीटर, नाहीतर बस सुटायला आली म्हणून, नाहीतर कुत्रं मागे लागलं म्हणून. निवांत पळणं ही गोष्ट आपण आयुष्यात कधी केलेलीच नसते, त्यामुळे पाय उचलला की शरीर आपोआप तोच जुना गिअर टाकतं.

दुसरं कारण कुणी बोलत नाही पण मी रोज बघतो. लाज. रस्त्यावर दूधवाला बघतोय, वॉचमन बघतोय, शाळेच्या बसला थांबलेल्या आया बघतायत, आणि त्यांच्यासमोरून तुरुतुरु कासवासारखं जायचं म्हणजे कसंतरीच होतं. मग वेग वाढतो. रंकाळ्यावर जिथे बाकांवर लोक गप्पा मारत बसलेले असतात तिथून नवीन लोक कसे जातात बघा, छाती पुढे, मान ताठ, एकदम ऑलिंपिक, आणि बाक संपले आणि वळण आलं की कमरेवर हात ठेवून उभे. बायकांच्या बाबतीत तर हे दुप्पट, कारण लोकही दुप्पट बघतात. हे मी गमतीने सांगत नाहीये. तुमची चार मिनिटं वाढायची असतील तर ही लाज आधी सुटली पाहिजे, त्याशिवाय श्वासाची कुठलीही युक्ती लागू पडणार नाही.

माझीच गोष्ट सांगतो. फुटबॉल सुटला, लग्न झालं, तांबडा-पांढरा रस्सा सुरूच राहिला, आणि छत्तिसाव्या वर्षी परत पळायला गेलो तर रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसच्या अलीकडेच कठड्यावर बसलो. मैदान गाजवलेला माणूस मी, डोळ्यात पाणी यायचं राहिलं होतं फक्त. तिथे एक रिटायर्ड गृहस्थ रोज यायचे, साठीच्या पुढचे, धोतर नव्हतं एवढंच, बाकी वेग देवळात निघाल्यासारखा. मी त्यांना जोरात ओलांडून जायचो, कठड्यावर बसायचो, ते माझ्यासमोरून शांतपणे पुढे जायचे, आणि मी उठून परत त्यांना ओलांडायचो. असं पंधरा दिवस चाललं. शेवटी एकदा ते न थांबता म्हणाले, "माझ्यासंगं चला की." त्या दिवशी मी पहिल्यांदा अख्खी फेरी न थांबता मारली. तोवर मला वाटत होतं माझा दम गेलाय.

आता आतमध्ये काय घडतं ते थोडं समजून घेऊ, कारण हे कळलं की भीती जाते. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरात कुठेतरी पडला असेल. तो उद्या बरोबर न्या. धाप लागून थांबलात की तिथेच उभ्या राहा, बोटाला लावा, आकडा स्थिर होऊ द्या. फुफ्फुसं निरोगी असतील तर ९५ च्या वर काहीतरी दिसेल, बहुतेकदा ९७-९८. म्हणजे "हवा पुरत नाहीये" असं वाटत असताना रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो! मग धाप कशाची? श्वासाची निकड मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचला की लागते. शरीराची घाई हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकायची असते.

आमच्याकडच्या गुऱ्हाळाचं उदाहरण देतो. चुलवाणात (गुळाच्या मोठ्या चुलीत) उसाच्या चिपाडाचा जाळ बेताने घातला की आग चांगली धरते, धूर कमी, काहिलीतला रस एकसारखा उकळतो. घाईघाईने भरमसाट कोंबलं की आधी धूर होतो, आणि धुराडं कितीही मोठं असलं तरी तो धूर मावत नाही. तुमची फुफ्फुसं म्हणजे ते धुराडं. ते लहान नाहीये, खाली जाळ घालणारा घाई करतोय. स्नायूंना ऑक्सिजन वापरून जेवढी ताकद काढता येते त्यापेक्षा जास्त मागितली की ते दुसऱ्या, घाईच्या रस्त्याने ऊर्जा काढतात, त्यात आम्ल साचतं, ते निवळताना कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो, आणि श्वास एकदम उसळतो. हळूहळू वाढत नाही, एका वेगाच्या पुढे उडीच मारतो. ती उडी जिथे आहे त्याच्या खाली राहून पळायचं, एवढंच शिकायचंय.

आणि चौथं मिनिटच का? तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला लगेच कळेल. पळायला सुरुवात केली की हृदय आणि श्वास लगेच पूर्ण कामाला लागत नाहीत, त्यांना दोनतीन मिनिटं लागतात. तोवर शरीर ओव्हरड्राफ्टवर चालतं, म्हणून पहिली दोन मिनिटं इतकी मस्त वाटतात की आपण आणखी जोर लावतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हप्ता सुरू होतो. वेग बेताचा असेल तर पगारातून हप्ता जातो आणि श्वास एका पातळीवर स्थिर होतो, वेग जास्त असेल तर कर्ज फुगतच जातं आणि खातं गोठतं. म्हणजे तुम्ही रोज बरोबर त्याच जागी थांबताय जिथे थोड्या कमी वेगात गोष्ट सोपी व्हायला सुरुवात झाली असती. यासाठीच आधी आठ-दहा मिनिटं भरभर चालायचं. अंथरुणातून उठून थेट पळू नका, इंजिन थंड असताना हा ओव्हरड्राफ्ट आणखी मोठा होतो.

बेताचा वेग ओळखायचा कसा? घड्याळाने नको. मनगटावरचं घड्याळ हार्ट रेट कधी कधी भलताच दाखवतं, आणि ते २२० वजा वय वालं सूत्र म्हणजे नुसता अंदाज आहे, तुमच्यासाठी १८३ येतं पण प्रत्यक्षात दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज असू शकतं. मी पाढे म्हणायला लावतो. पळता पळता मोठ्याने बाराचा पाढा. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस, इतकं एका दमात न अडखळता आलं तर वेग बरोबर. बारा दुणे चोवीसलाच तुटत असेल तर आणखी हळू. अख्खा पाढा गुणगुणत म्हणता येत असेल तर जरा वाढवायला हरकत नाही. लोक बघतील म्हणाल तर कानात इअरफोन घाला, फोनवर बोलताय असंच वाटेल. आमच्या ग्रुपमध्ये एक मॅडम पाढ्याऐवजी सासूबाईंबद्दलची तक्रार सांगतात, पूर्ण वाक्यात सांगता आली की वेग बरोबर.

हा वेग किती भरेल? नव्या माणसाचा एका किलोमीटरला नऊ मिनिटं, साडेनऊसुद्धा भरतो. भरभर चालणारा माणूस दहा मिनिटांत किलोमीटर जातो, म्हणजे तुमच्या शेजारून कुणी चालत जवळपास बरोबरीने येऊ शकतं. येऊ द्या. पावलं छोटी ठेवा, पाय जमिनीलगतच राहू द्या, उड्या नकोत. आणि चढ आला तर बिनधास्त चाला, पहिले दोन महिने चढावर पळून कुणाचंही भलं झालेलं मी बघितलेलं नाही.

"पण इतक्या हळू पळून स्टॅमिना वाढणार कसा?" हा प्रश्न भरतीची पोरं तर भांडून विचारतात. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर असतं, आणि ती काय करतात, रोज सकाळी १६०० मीटर जीव तोडून पळतात, वेळ लिहितात आणि घरी जातात. पहिला महिना वेळ कमी होते, मग अडकते ती अडकतेच. असाच एक पोरगा दोन महिने एकाच वेळेवर अडकला होता. त्याला म्हटलं आठवड्यातले चार दिवस पाढे म्हणत सहा किलोमीटर, एकच दिवस ४०० मीटरचे तुकडे जोरात. चिडला माझ्यावर, म्हणाला मला काय मॅरेथॉन पळायचीय का. पण केलं, आणि दीड महिन्यात त्याची १६०० ची वेळ अर्ध्या मिनिटाहून जास्त उतरली. ही काही माझी शोधून काढलेली विद्या नाही. न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड आपल्या ८०० मीटरच्या धावपटूकडून, पीटर स्नेलकडून, आठवड्याला १६० किलोमीटर करून घ्यायचे, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने ८०० मीटरचं सुवर्ण मारलं. आजही मोठमोठे लांब पल्ल्याचे धावपटू बहुतेक अंतर सावकाशच पळतात, साधारण ८० टक्के. (त्यांचं सावकाश म्हणजे आपलं उरी फुटेस्तोवर, ती गोष्ट वेगळी.)

असं पळून होतं काय, तर पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आणि पेशींमधल्या ऊर्जेच्या भट्ट्या वाढतात. फुफ्फुसं मात्र जवळपास आहेत तेवढीच राहतात. म्हणून तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, फुफ्फुसं कमजोर असण्याची शक्यता कमी आहे, आणि स्टॅमिना वाढतो तो बराचसा हृदयात आणि पायात. एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. हाडं आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या शिरा (टेंडन) मात्र या सगळ्याच्या मागून, फार सावकाश तयार होतात. दीडदोन महिन्यांनी श्वास सुटेल, आपण आता काहीही पळू शकतो असं वाटेल, आणि त्याच आठवड्यात नडगी दुखायला लागेल. तेव्हा आवरा.

आता तिघांचे तीन सल्ले.

मिस्टरांचं नाकाचं. बसलेलो असताना आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, ती नाकातून आरामात जाते आणि गाळून, कोमट होऊन जाते, चांगलंच आहे. पण जोरात पळताना हीच गरज १०० लिटरच्या घरात जाते, ती दोन नाकपुड्यांतून भागवायची म्हणजे शाळा सुटल्यावर एकच दार उघडं ठेवण्यासारखं. तेव्हा नाक आणि तोंड दोन्ही, जबडा सैल, ओठ थोडे उघडे. मात्र नाकाचा एक उपयोग आहे. वॉर्मअपला आणि पहिली काही मिनिटं फक्त नाकाने श्वास घेऊन बघा. जमत नसेल तर वेग जास्त आहे. म्हणजे मिस्टर अगदीच चुकीचे नाहीत, त्यांना तसं सांगा, घरात शांतता राहील.

यूट्यूबवाल्याची पावलं. सावकाश पळताना बऱ्याच लोकांचा श्वास आपोआप तीन पावलं आत, तीन बाहेर असा बसतो, जोर वाढला की दोन-दोनवर येतो. तो मुद्दाम बसवायला जाऊ नका, मोजायच्या नादात लोक श्वास धरून ठेवतात आणि खांदे कानाला लागतात. पण मधून मधून मोजून बघा. दोन-दोन झालाय याचा अर्थ तुम्ही सावकाशच्या बाहेर गेलात. श्वास हा गाडीतल्या काट्यासारखा, काट्याशी झटापट करून गाडीचा वेग कमी होत नसतो.

एक गोष्ट मात्र श्वासाचीच शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे सोडणं. धाप लागली की नवीन माणूस वरच्यावर घेत सुटतो, हा हा हा हा, जुनी हवा बाहेर जातच नाही. त्या वेळी ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, लांब सोडायचा. घ्यायची काळजी नको, तो आपोआप येतो. दोनचार वेळा असं केलं की छाती मोकळी होते. रात्री झोपताना पाच मिनिटं पोटावर हात ठेवून सराव करा, श्वास घेताना हात वर आला पाहिजे, छाती नाही. गाणं शिकणाऱ्या मुलांचा दमसास वाढवताना हेच करून घेतात. आणि ग्रुपमधल्या बायकांनीच मला सांगितलेली गोष्ट पुढे सांगतो, स्पोर्ट्स ब्रा नको तितकी घट्ट असेल किंवा ट्रॅक पँटचं इलॅस्टिक पोटात रुतत असेल तर बरगड्या आणि पोट फुलतच नाहीत. धावण्याचे बूट घ्यायला जाल तेव्हा हेही बघा.

कुशीत बरगडीखाली जी कळ येते ती अजून तुम्हाला आली नसेल, पण येईल. खाऊन लगेच पळू नका, पोटभर जेवणानंतर दोनतीन तास तरी जाऊ द्या, आणि निघताना गोड सरबत, ज्यूस गटागटा पिऊ नका. आलीच तर चालायला लागा, त्या जागी बोटांनी दाबा, थोडं पुढे वाकून लांब श्वास सोडा.

जाऊबाईंचं कपालभाती. करा, स्वतंत्र वेळी, रिकाम्या पोटी, बीपी वगैरे नसेल तर. पण पळायच्या अगदी आधी नको, भराभर हवा बाहेर टाकून कार्बन डायऑक्साइड एकदम उतरतो आणि गरगरतं. आणि त्याने पळण्याचा दम वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. पोहायला यायचं असेल तर पाण्यातच उतरावं लागतं.

आता करायचं काय. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा, समजा मंगळ, गुरू, रवी. आधी दहा मिनिटं चालणं. मग एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं चालत घरी. तुम्ही म्हणाल मी चार मिनिटं पळते आणि हे मला एकावर आणतायत. हो, मुद्दाम. धाप लागून थांबायचं नाही, लागायच्या आत ठरवून थांबायचं, यात सगळी गंमत आहे. आज तुम्ही चार मिनिटं पळून घरी जाताय, यात आठ मिनिटं होतात आणि संपल्यावर आणखी दोन फेऱ्या मारता आल्या असत्या असं वाटतं. ते वाटणंच पाहिजे. या पळणं-चालणं पद्धतीचा प्रसार ज्यांनी जगभर केला ते जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले आहेत, तेव्हा मध्ये चालणं हे काही कच्च्या माणसाचं लक्षण नाही.

दोन आठवडे असं झालं की दोन मिनिटं पळणं, एक चालणं. पाचव्या आठवड्यापासून चार आणि एक. सातव्या-आठव्यात सहा-सात आणि एक. मग दहा आणि एक. अकराव्या आठवड्यात एकदा वीस-पंचवीस मिनिटं सलग पळून बघा, बारावा आठवडा हलका ठेवा. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा, रेटून पुढे जाऊ नका, हप्ता ठरल्या तारखेलाच भरायला हे काही होम लोन नाही. मुलांची परीक्षा, ऑडिट, ताप, पाळी, या सगळ्यात दिवस बुडणारच, बुडालेला दिवस पुढच्या दिवशी भरून काढायचा नाही. मोकळ्या दिवसांपैकी दोन दिवस घरात उठाबशा, टाचा वर-खाली करणं, जिने चढणं एवढं पंधरा मिनिटं केलंत तर नडग्या दुवा देतील.

हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही, ते कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो. हवा हा मोठा भाग. ऑक्टोबरच्या उकाड्यात, एप्रिल-मेमध्ये, किंवा पावसाळ्यात दमट असताना त्याच वेगाला हृदय जास्त पळतं, त्यामुळे वेग आपोआप कमी झाला तर तो तुमचा दोष नाही, पाढा म्हणून वेग ठरवा. हिवाळ्यात तुमच्याकडे पिंपरी-चिंचवडला सकाळी धूर-धुकं खाली बसलेलं असतं, एमआयडीसी आणि हायवेच्या बाजूला तर जास्तच, अशा दिवशी हवेचा आकडा फोनवर बघून थोडं उशिरा निघा किंवा बागेत जा. झोप पाच तास झाली असेल तर पळू नका, चाला. वजन जास्त असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल तर वरचे आठवडे दुप्पट धरा.

आणि रक्त. हे मी चूक करून शिकलोय, म्हणून वेगळं लिहितो. आमच्याकडे एक शिक्षिका यायच्या, नियमित, कधी खाडा नाही, पण दोन महिने झाले तरी दोन मिनिटांच्या पुढे जाईनात. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो, मॅडम तुम्ही मन लावत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात कुठल्याशा तपासणीत त्यांचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बाईंसाठी १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि ही बाई ८.६ वर माझं बोलणं ऐकत माझ्यामागे पळत होती. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, तीन महिन्यांनी त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. मी माफी मागितली, ती पण सगळ्यांसमोर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी निघालंय, म्हणजे हे अपवादाचं दुखणं नाही. तेव्हापासून नवीन बाई आली की मी पहिल्या आठवड्यातच सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, हिमोग्लोबिन त्यातच कळतं) करून घ्यायला सांगतो, जमलं तर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा), आणि थायरॉईड बरेच दिवसांत बघितलं नसेल तर तेही. तुमचा जिने चढतानाही दम जात असेल, केस गळत असतील, पाळीत जास्त जात असेल तर हे उद्याच करा. वेग कमी करून तीनचार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर नक्की करा. रिपोर्ट आला की मला नाही, डॉक्टरांना दाखवा, आणि लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

फरक कधी दिसेल? वेग कमी केला की पहिल्याच दिवशी धाप कमी होईल. खरी वाढ सहा ते आठ आठवड्यांत कळते, आणि ती भलत्याच ठिकाणी कळते. एक जण म्हणाले गॅसचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर नेला आणि वर जाऊन शेजाऱ्यांशी बोलत उभा राहिलो, मग लक्षात आलं. सकाळी उठल्या उठल्या, पलंगावरच, मिनिटभर नाडी मोजून कॅलेंडरवर लिहीत जा. महिन्या-दोन महिन्यांत ती काही ठोक्यांनी उतरलेली दिसली की समजा काम चालू आहे, रस्त्यावर काही का वाटेना. स्ट्राव्हावर (पळणं नोंदवून इतरांना दाखवायचं अ‍ॅप) टाकायचं असेल तर टाका, पण वेग लपवायची सोय त्यात आहे, ती वापरा, नाहीतर कुणीतरी सहकारी "एवढंच?" म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही परत चौथ्या मिनिटाला थांबाल.

ऑफिसच्या रनचं. तीन महिन्यांत ५ किलोमीटर होतील, मध्ये दोनचार वेळा चालत झाले तरी झालेच. त्या दिवशी ढोल-ताशा असेल, टी-शर्ट, झुंबा, मॅनेजर, सगळं असेल, आणि शिट्टी वाजली की अख्खी शाखा उधळेल. तुम्ही सगळ्यात मागे उभ्या राहा, पहिला किलोमीटर पाढे म्हणत काढा. दुसऱ्या किलोमीटरपासून तेच उधळलेले लोक कमरेवर हात ठेवून भेटायला लागतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. आणि मुलांना घेऊन मिस्टर येणार असतील तर त्यांना फिनिश लाइनला उभं करू नका, तिथे सगळेच टाळ्या वाजवतात. चार किलोमीटरच्या पाटीपाशी उभं करा.